पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधायचा कसा?

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न सध्या दोन वाटांनी येतो. भंवरकुआंच्या शिकवणी वर्गांत बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा तर्कशक्तीच्या भागात अडतो, कारण काही अक्षरे देऊन त्यांपासून किती अर्थपूर्ण इंग्रजी शब्द तयार होतात, असे तिथे विचारलेले असते. त्याच घरातली निवृत्त आजी मोबाइलवर वर्डल हा खेळ उघडते, आणि त्यात एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द 6 प्रयत्नांत ओळखायचा असतो. दोघांचाही समज एकच असतो, की यासाठी दांडगा शब्दसंग्रह लागतो आणि तो आपल्याजवळ नाही. मग "मध्ये ए आणि शेवटी ई असलेले पाच अक्षरी शब्द" अशा याद्या शोधल्या जातात, वहीत उतरवल्या जातात आणि थोड्याच दिवसांत विसरल्याही जातात. मला मनापासून असे वाटते की हे श्रम चुकीच्या जागी खर्च होत आहेत. इंग्रजी लेखनात कोणते अक्षर कुठे बसते आणि कोणाच्या शेजारी बसते, याच्या ठरलेल्या सवयी आहेत. त्या एकदा ध्यानात आल्या की शाळेत शिकलेल्या साध्या शब्दांच्या बळावर यातली बहुतेक कोडी सुटतात.

मोजायचे काय?

मराठीत अक्षर मोजताना आपण व्यंजन आणि त्याला जोडलेला स्वर मिळून एक धरतो. 'इंदूर' हे नाव आपल्या हिशेबाने 3 अक्षरांचे आहे. इंग्रजीत तेच नाव आय-एन-डी-ओ-आर-ई असे 6 अक्षरांत लिहिले जाते, कारण आपल्याकडे मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार जे काम करतात ते तिथे स्वतंत्र अक्षरांना करावे लागते. शिवाय उच्चारात न येणारी अक्षरेही मोजावी लागतात. 'थ्रू' हा शब्द देवनागरीत एका जोडाक्षरात मावतो, पण इंग्रजीत टी-एच-आर-ओ-यू-जी-एच अशी 7 अक्षरे घेतो. त्यामुळे या कोड्यांत कानावर विसंबून चालत नाही. शब्द लिहिलेला कसा दिसतो, तेच पाहावे लागते.

इंग्रजीची 26 अक्षरे पाच जागांवर हवी तशी मांडली, तर एकूण 1,18,81,376 जुळण्या होतात. वर्डलच्या मूळ रूपात अंदाज म्हणून चालणारे शब्द 12,972 होते आणि उत्तर म्हणून निवडलेले शब्द 2,315. याचा अर्थ दर 900 जुळण्यांमागे शब्द म्हणता येईल अशी जेमतेम 1 जुळणी निघते, आणि सर्वांच्या ओळखीचा शब्द तर 5,000 जुळण्यांमागे 1. उत्तरांची ही यादी कशी तयार झाली, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. जॉश वॉर्डल या अभियंत्याने हा खेळ आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला. हजारो पाच अक्षरी शब्दांमधून ओळखीचे वाटणारे शब्द तिने वेगळे काढले आणि उत्तरे त्यांतून ठरली. ऑक्टोबर 2021 मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2022 च्या अखेरीस द न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. सांगायचे ते हे, की उत्तरे अगदी पहिल्यापासून परिचित शब्दांतूनच निवडलेली आहेत, तेव्हा शब्दकोशाच्या तळाशी जाण्याचे कारण नाही.

परीक्षेतला प्रश्न याहून आटोपशीर असतो. ई, ए, एल, एस आणि टी ही अक्षरे प्रत्येकी एकदाच वापरायची असतील, तर त्यांच्या मांडण्या 120 होतात. त्यांपैकी सहज ओळखू येणारे शब्द साधारण 5 आहेत: स्लेट, स्टेल, स्टील म्हणजे चोरणे, लीस्ट आणि टेल्स. उरलेल्या मांडण्यांपैकी बहुतेक सगळ्या आपण क्षणभरही विचारात न घेता टाकून देतो, कारण 'एल-टी'ने किंवा 'टी-एल'ने सुरू होणारा इंग्रजी शब्द आपण कधी पाहिलेला नसतो. म्हणजे सवयींचे हे ज्ञान वाचकाजवळ आधीपासूनच आहे. फक्त ते जाणीवपूर्वक वापरायला शिकायचे आहे.

कोणते अक्षर किती वेळा येते?

एखादे अक्षर मजकुरात किती प्रमाणात येते, त्याला त्याची वारंवारता म्हणतात. हा अभ्यास फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने गुप्त लिपीतला मजकूर उलगडण्यासाठी अक्षरांची वारंवारता मोजण्याची पद्धत लिहून ठेवली होती. तारयंत्राच्या मोर्स लिपीत ई या अक्षरासाठी फक्त एक टिंब आणि टी साठी फक्त एक रेघ ठेवली आहे, कारण ही अक्षरे सर्वांत जास्त लागतात आणि ती पाठवायला कमीत कमी वेळ लागावा. स्क्रॅबल या खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स याने 1930 च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरे मोजली आणि त्या मोजणीवरून सोंगट्यांची संख्या ठरवली. 100 सोंगट्यांच्या इंग्रजी संचात ई च्या 12 असतात, तर क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच असते आणि तिला 10 गुण मिळतात.

सर्वसाधारण इंग्रजी मजकुरात दर 8 अक्षरांमागे साधारण 1 ई असतो. त्यानंतर टी, ए, ओ, आय, एन यांचा क्रम लागतो. मात्र इथे एक फरक ध्यानात ठेवावा. मजकुरात 'द', 'दॅट', 'दिस' असे छोटे शब्द पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे टी आणि एच यांची संख्या फुगते. प्रत्येक शब्द एकदाच मोजला की एच बराच मागे पडतो, आर आणि एल पुढे येतात. वर्डलच्या 2,315 उत्तरांत सर्वाधिक येणारी 8 अक्षरे क्रमाने अशी आहेत: ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस. वर परीक्षेच्या उदाहरणात घेतलेली पाचही अक्षरे या आठांत आहेत. प्रश्न तयार करणाऱ्यांनाही अशीच अक्षरे सोयीची पडतात, कारण एकाहून अधिक शब्द त्यांतूनच निघतात.

अक्षराची आवडती जागा

संख्येपेक्षाही जागा अधिक बोलकी असते, आणि नेमके हेच याद्या पाठ करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. त्याच 2,315 शब्दांत 366 शब्द एस ने सुरू होतात, पण एस ने संपणारे फक्त 36 आहेत. मूळ यादी करताना नुसता एस जोडून होणारी अनेकवचने बाजूला ठेवली होती, म्हणून असे झाले. शेवटची जागा ई आणि वाय यांची आहे: 424 शब्द ई ने आणि 364 शब्द वाय ने संपतात. दोन्ही मिळून हे प्रमाण एकूण शब्दांच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्तच भरते. दुसऱ्या जागेवर स्वर बसणे स्वाभाविक आहे, पण व्यंजनांत तिथे आर पहिला आहे. तिसऱ्या जागी ए आणि पाचव्या जागी ई हे कळले, तर डोळ्यांसमोर येणारे शब्द पाहा: क्रेन, ब्रेव्ह, ग्रेप, फ्रेम, ग्रेड, ब्रेक, ड्रेप, ग्रेस. सगळ्यांत दुसरा आर आहे. पीस, इमेज किंवा क्वेक असे वेगळे शब्दही आहेत, पण आधी आर तपासणाऱ्याचा वेळ वाचतो.

या सवयींमागे इतिहास आहे. शेवटचा ई एके काळी उच्चारला जात असे. पुढे उच्चार गेला, पण अक्षर टिकले, कारण आधीचा स्वर लांब उच्चारायचा आहे हे ते दाखवू लागले. प्लॅन या चार अक्षरी शब्दाला ई जोडला की प्लेन होतो, हे त्याचेच उदाहरण. व्ही ने संपणारा इंग्रजी शब्द जवळजवळ सापडत नाही. पूर्वी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपे होती, त्यामुळे शेवटी ई लावून घोटाळा टाळला जात असे. सॉल्व्ह, सर्व्ह, ग्लव्ह या सर्वांच्या शेवटी ई असण्याचे कारण तेच. क्यू नंतर यू येतो, कारण 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच लेखनाची रीत तिथे रुळली. त्याआधी 'क्वीन' हा शब्द सी-डब्ल्यू ने लिहिला जात असे. 'नाइट'मधला जी-एच आज मुका आहे, पण जुन्या इंग्रजीत त्या जागी घशातून येणारा एक उच्चार होता. रात्र या अर्थाचा संस्कृत 'नक्त' त्याच कुळातला आहे आणि त्यात क् अजून ऐकू येतो. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला, त्यानंतर लेखन हळूहळू स्थिर झाले आणि उच्चार मात्र बदलत राहिले. उच्चार आणि स्पेलिंग यांची जी ताटातूट आपल्या मुलांना छळते, तिचे मोठे कारण इथे आहे.

आणखी काही शेजार उपयोगी पडतात. सी-के ही जोडी शब्दाच्या शेवटी येते, सुरुवातीला कधीच नाही. ब्लॅक, ब्रिक, क्लॉक पाहा. के-एन आणि डब्ल्यू-आर या जोड्या मुक्या अक्षरासह सुरुवातीला येतात, जसे नाइफ, नॉक, राइट म्हणजे लिहिणे, रिस्ट. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही सापडला नाही तर वाय स्वराचे काम करत आहे असे समजावे. निम्फ आणि क्रिप्ट हे ग्रीकमधून आलेले शब्द तसेच आहेत.

एका अंदाजातून किती कळते?

वर्डलमध्ये प्रत्येक अंदाजानंतर अक्षरांना रंग मिळतो. जागेसकट बरोबर असेल तर हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा, आणि शब्दात नसेल तर करडा. पाच अक्षरे आणि तीन रंग म्हणजे रंगांच्या 243 मांडण्या होऊ शकतात. चांगला अंदाज कोणता, हे इथे ठरते.

लोकमान्य नगरात एखाद्याचे घर शोधायचे आहे आणि घराचा क्रमांक ठाऊक नाही, असे समजा. घराला दार आहे का, असे विचारून काही मिळत नाही, कारण ते प्रत्येक घराला असते. घरावर घड्याळाचा मनोरा आहे का, हेही व्यर्थ, कारण उत्तर बहुधा नाही असेच येणार. घर मुख्य रस्त्याच्या डावीकडे आहे की उजवीकडे, या प्रश्नाने मात्र निम्मी घरे एकदम बाद होतात. पर्याय निम्म्यावर आणणाऱ्या उत्तरात जेवढी माहिती असते, तिला 1 बिट म्हणतात. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने 1948 मध्ये मांडलेल्या माहिती सिद्धांताचे हे एकक आहे. 2,315 शब्दांवरून एका शब्दावर यायला साधारण 11 वेळा निम्मे करावे लागते, आणि 'स्लेट'सारखा एक चांगला अंदाज सरासरीने त्यांतले जवळजवळ 6 टप्पे एकट्याने उरकतो.

बरेच जण 'अड्यू'ने, म्हणजे ए-डी-आय-ई-यू ने सुरुवात करतात, कारण त्यात चार स्वर आहेत. हा मार्ग वाटतो तितका चांगला नाही. त्यातला यू शेवटच्या जागी जवळजवळ कधीच नसतो आणि डी दुसऱ्या जागी क्वचितच सापडतो, त्यामुळे या दोन जागांवरून फार थोडे कळते. स्लेटमध्ये एस पहिला, एल दुसरा, ए तिसरा आणि ई शेवटचा, असे चार अक्षरांना आपापल्या आवडत्या जागा मिळालेल्या आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या दिमित्रिस बर्त्सिमास आणि अ‍ॅलेक्स पास्कोव्ह यांनी 2022 मध्ये संगणकाने सर्व शक्यता तपासल्या, तेव्हा सर्वोत्तम सुरुवात 'सॅलेट' ठरली. सॅलेट म्हणजे युरोपातल्या सैनिकांचे एक जुने शिरस्त्राण. हा शब्द एस-ए-एल-ई-टी असा लिहितात, म्हणजे परीक्षेच्या उदाहरणातली तीच पाच अक्षरे. या सुरुवातीने आणि पुढे अचूक खेळल्यास सरासरी 3.42 अंदाजांत उत्तर मिळते. सामान्य खेळाडूला मात्र स्लेट आणि सॅलेट यांतला फरक जाणवणार नाही.

पाचांतली चार अक्षरे कळूनही हरतो, ते कसे?

समजा दुसऱ्या अंदाजानंतर शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली. आता जिंकलोच असे वाटते, पण इथेच खरी अडचण सुरू होते. एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट असे 8 ओळखीचे शब्द समोर उभे असतात आणि हाती 4 अंदाज असतात. एकेक करून पाहिले, तर निम्म्या वेळा हार ठरलेली.

अशा वेळी जो शब्द उत्तर असूच शकत नाही, तो मुद्दाम टाकावा. 'फिल्म्स' म्हणजे एफ-आय-एल-एम-एस टाकून पाहा. एफ, एल, एम किंवा एस यांपैकी एखाद्याला रंग आला तर उत्तर अनुक्रमे फाइट, लाइट, माइट किंवा साइट. चौघांनाही रंग आला नाही तर एट, नाइट, राइट आणि टाइट उरतात. मग 'इनर्ट' म्हणजे आय-एन-ई-आर-टी टाकावा. एन ला रंग आला तर नाइट, ई ला आला तर एट, आर ला आला तर राइट, आणि तिन्ही करडे राहिले तर टाइट. आठही शब्द जास्तीत जास्त 3 अंदाजांत सापडतात आणि एक अंदाज शिल्लक राहतो. खेळातील कठीण प्रकारात मिळालेली अक्षरे पुढच्या अंदाजात वापरावीच लागतात, त्यामुळे तिथे हा मार्ग बंद असतो. म्हणून त्या प्रकारात अशी चौकट हिरवी होण्याआधीच पहिल्या अक्षराचा विचार करावा लागतो.

दुहेरी अक्षरांचाही एक घोटाळा इथेच सांगून टाकतो. अंदाजात एल दोनदा असेल आणि उत्तरात एकदाच, तर दोघांपैकी एकाच एल ला रंग मिळतो, दुसरा करडा होतो. त्या करड्याचा अर्थ "एल नाही" असा नसून "दुसरा एल नाही" असा असतो.

"आमचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, आम्हाला हे कसे जमणार?"

हा आक्षेप मी फार वेळा ऐकतो आणि त्याने मला वाईट वाटते, कारण या कामात मराठी माणसाजवळ एक हत्यार आधीपासून आहे. जोडाक्षरांची समज हे ते हत्यार. ट्र, ग्र, प्ल, स्ट, स्क, ब्ल ही जोडाक्षरे शब्दाच्या सुरुवातीला बसतात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. रफार मात्र शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येत नाही. इंग्रजीतही टी-आर ने शब्द सुरू होतो, आर-टी ने होत नाही. आर-टी शेवटी येतो, जसे स्टार्ट, शर्ट, स्पोर्ट. एल-डी, एन-डी, आर-के यांचेही तसेच आहे, म्हणून चाइल्ड, स्टँड आणि स्पार्क. विस्कटलेली अक्षरे समोर आली की आधी त्यांतून सुरुवातीला शोभणारे आणि शेवटी शोभणारे जोडाक्षर काढावे आणि मग स्वर मध्ये ठेवून पाहावा. ज्याने बाराखडी आणि जोडाक्षरे नीट गिरवली आहेत, त्याला हे इंग्रजी माध्यमातल्या मुलाइतकेच सहज जमते.

एक खरी अडचण मात्र मान्य केली पाहिजे. आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकतो आणि हा खेळ अमेरिकन आहे. आपल्या लेखी 6 अक्षरांचे असलेले फेवर आणि ह्यूमर तिथे यू गाळून 5 अक्षरांचे होतात. 2022 च्या सुरुवातीला फेवर हे उत्तर आले, तेव्हा ब्रिटनमधले खेळाडूही नाराज झाले होते.

"मोबाइलवर यादी काढली तर काय बिघडले?"

परीक्षेत मोबाइल नसतो, एवढेच तिथले उत्तर आहे. घरी खेळताना यादी पाहण्यात मला गैर वाटत नाही. फक्त ती उत्तर उचलण्यासाठी पाहू नये. "के असलेले पाच अक्षरी शब्द" काढलेच असतील, तर के कुठे येतो, त्याच्या आधी सी, एन किंवा आर किती वेळा आहे, हे पाहावे. असे दहा-पंधरा शब्द लक्षपूर्वक पाहिल्याने जे मिळते, ते शंभर शब्द पाठ करून मिळत नाही.

यातून इंग्रजी सुधारते का, असेही पालक विचारतात. स्पेलिंग नक्कीच पक्के होते आणि अपरिचित शब्द वाचताना डोळा थबकत नाही. बोलणे आणि वाक्यरचना यांना मात्र याचा उपयोग नाही. त्यासाठी वाचायला आणि बोलायलाच हवे.

"परीक्षेत इतका विचार करायला वेळ कुठे असतो?"

वेळ नसतो, म्हणूनच आधी पर्याय पाहावेत. ते बहुधा एकही नाही, एक, दोन, तीन आणि तीनपेक्षा जास्त असे असतात. त्यामुळे सगळे शब्द शोधण्याची गरज नसते. चौथा सापडला की थांबायचे. एस, टी, ओ, पी ही अक्षरे आली की स्टॉप, स्पॉट, पोस्ट आणि टॉप्स इतके होताच शेवटचा पर्याय निवडावा. पॉट्स आणि ऑप्ट्स आठवत बसू नये. ई, ए आणि टी आली तर ईट, टी म्हणजे चहा आणि एट म्हणजे खाल्ले, असे तीन शब्द लगेच निघतात. आणि एल, टी, एन, जी अशी अक्षरे आली, तर त्यांत स्वरही नाही आणि वायही नाही एवढे पाहून "एकही नाही" यावर खूण करावी आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे.